नट लाकडी वाटला? आधी कुठली प्रत पाहिलीत ते तपासा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दुसऱ्या भाषेतला सिनेमा घरी टीव्हीवर पाहिलात. ज्या नटाचं सगळीकडे कौतुक चाललंय तो तुम्हाला लाकडासारखा वाटला, आवाज सपाट वाटला. तसं लिहिलंत आणि लोक तुटून पडले. आता तुम्ही विचारताय की लिहिलेलं काढून टाकू का, आणि आपल्याला अभिनयातलं काही कळत नाही असं समजू का.

काढू नका. आणि कळत नाही वगैरे मनातही आणू नका. पण उत्तर देण्याआधी माझा एक प्रश्न आहे, जो तुमच्यावर तुटून पडलेल्यांपैकी एकानेही विचारलेला दिसत नाही: सिनेमा कुठल्या आवाजात पाहिलात? मूळ भाषेत, की डब केलेला? तुम्ही आवाजाबद्दल चार वाक्यं लिहिली आहेत आणि सबटायटल्सचा उल्लेख एकदाही नाही, म्हणून मला शंका आली.

सिनेमाचा शेवट फोडू नये, नटाच्या घरगुती भानगडींवरून त्याचं काम तोलू नये, हे तुम्ही पाळलंच आहे, त्यात शिरत नाही. आधीच सांगतो, मी या धंद्यातला नाही. वीसेक वर्षं सिनेमे पाहतोय आणि त्यावर लिहितोय, एवढंच. पुढचं सगळं माझं मत समजा. मात्र ते एका चुकीतून आलंय आणि ती चूक मला फार महागात पडली.

काही वर्षांपूर्वी मी एका अशाच परभाषेतल्या सिनेमावर लांबलचक लिहिलं होतं. सहायक भूमिकेतल्या एका अभिनेत्रीवर त्यात दोन परिच्छेद होते. आवाजात चढउतार नाहीत, सगळी वाक्यं एकाच सुरात, आणि सिनेमातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रसंगात, जिथे नवरा आणि सासरा तिच्याच भवितव्यावर बोलतात, तिथे ती चक्क गायब आहे. दिग्दर्शकालाही तिच्यावर भरवसा नसावा, असं मी लिहिलं. त्यावर आमच्यातल्या एक जुन्या जाणत्या ताई म्हणाल्या, "त्या प्रसंगात ती कशी ऐकते ते पुन्हा बघा. सगळा सिनेमा तिथे आहे."

मी पुन्हा पाहिला. ती त्या प्रसंगात नव्हती. मी तसं लिहिलं. त्या म्हणाल्या, आहे, डावीकडे, दाराला टेकून उभी आहे. मी तिसऱ्यांदा पाहिला आणि लिहिलं की तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाशी गल्लत करताय, वयाप्रमाणे होतं असं. ते शेवटचं वाक्य मी खरंच लिहिलं. दोन आठवडे हा वाद चालला. चार-पाच जण माझ्या बाजूने आले, कारण त्यांनीही मी पाहिला त्याच ॲपवर सिनेमा पाहिला होता. ताईंनी मग लिहिणंच सोडलं. ज्या व्यक्तीच्या शिफारशींवर मी निम्मा जागतिक सिनेमा पाहिला, ती माझ्यामुळे गप्प झाली.

वर्षभराने एका महोत्सवात तोच सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहिला. ती तिथे होती. डावीकडे, दाराला टेकून. तीन-साडेतीन मिनिटांचा तो प्रसंग, दोघे पुरुष मध्यभागी बसून बोलतायत, ती काही बोलत नाही, फक्त एकेका वाक्यागणिक तिच्या हाताची पकड बदलत जाते. मला तिथे बसवेना.

झालं असं होतं. सिनेमा रुंद चौकटीत चित्रित केलेला, २.३९ : १, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट. घरचा टीव्ही १६ : ९, म्हणजे १.७८ : १. अशा वेळी वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि सगळं चित्र दिसतं. पण काहींना पट्ट्या खटकतात, म्हणून चित्र मोठं करून पडदा भरून टाकतात आणि दोन्ही कडा कापल्या जातात. गणित करून बघा, रुंदीचा जवळजवळ पाव भाग जातो. मी पाहिलेल्या प्रतीत त्या पाव भागात ती उभी होती. घरी येऊन पुन्हा बघितलं तेव्हा चौकटीच्या अगदी कडेला एक खांदा अधूनमधून हलताना दिसला. तीनदा पाहूनही तो खांदा कुणाचा, हा प्रश्न मला पडला नव्हता.

आणि तो सपाट आवाजही तिचा नव्हता. ॲपने माझ्या प्रोफाइलच्या भाषेप्रमाणे डब केलेला ट्रॅक आपोआप लावला होता आणि मी तो तसाच ऐकत राहिलो. महोत्सवात तिचा खरा आवाज ऐकला, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी विरत जाणारा. म्हणजे मी जिच्यावर दोन परिच्छेद लिहिले ती बाई मी पाहिलीही नव्हती आणि ऐकलीही नव्हती.

डबिंग वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, हे नीट वाचा. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरांचा आवाज आहे, 'पुष्पा'त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेंचा. दोन्ही कामं मला मनापासून आवडतात. पण हिंदीतला 'पुष्पा' पाहून "काय संवादफेक आहे अल्लू अर्जुनची" असं कुणी लिहिलं की मला वाईट वाटतं, कारण दोघांचं काम एकाच्या नावावर जातं. देहबोली एकाची, उच्चार दुसऱ्याचे. 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं: १९७७ साली मुखवट्यामागे डेव्हिड प्राउज होते आणि आवाज जेम्स अर्ल जोन्सचा होता. आपल्याकडचं त्याहून बोलकं उदाहरण १९९८ चं. 'गुलाम'मध्ये राणी मुखर्जीला मोना घोष शेट्टी यांचा आवाज दिला होता आणि त्याच वर्षीच्या 'कुछ कुछ होता है'मध्ये राणी स्वतःच्या आवाजात बोलली. एकच अभिनेत्री, एकच वर्ष. यातला एकच सिनेमा पाहून तिच्या आवाजावर निकाल देणारा माणूस कितीही जाणकार असला तरी फसणारच.

म्हणून माझा नियम कडक आहे आणि अनेकांना तो पटत नाही: डब केलेली प्रत पाहिली असेल तर नटाच्या आवाजाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. चांगलंही नाही. लिहायचंच असेल तर आवाज देणाऱ्याचं नाव शोधून त्याच्याबद्दल लिहायचं. ते नाव बहुधा श्रेयनामावलीच्या अगदी शेवटी, इतर भाषांच्या पाट्यांमध्ये येतं. त्या क्षणी ॲप पडदा कोपऱ्यात लहान करून पुढचं काहीतरी सुरू करायला निघालेलं असतं. हा प्रकार मला अतिशय चीड आणतो. शेकडो माणसांची नावं वाचायची असतात आणि रिमोट शोधेपर्यंत ती निघून जातात. सेटिंगमध्ये 'पुढचं आपोआप सुरू करा' असा पर्याय असेल तर आजच बंद करा.

आता ज्या सेवेवर मी तो सिनेमा पाहिला तिच्या मदत केंद्राबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. खरं कळल्यावर मी त्यांना लिहिलं की तुमच्याकडच्या प्रतीच्या कडा कापलेल्या आहेत, निदान वर्णनात तसं लिहा. पहिलं उत्तर: इंटरनेटचा वेग तपासा. दुसरं: ॲप काढून पुन्हा टाका. तिसऱ्या पत्रात त्यांनी स्क्रीनशॉट मागितला. त्यांच्याच ॲपवर स्क्रीनशॉट घेतला की नक्कल होऊ नये म्हणून चित्र काळं येतं, हे मी कळवलं. पुन्हा तेच पत्र, स्क्रीनशॉट पाठवा. शेवटी मोबाइलने टीव्हीचा फोटो काढून पाठवला, शेजारी महोत्सवाच्या माहितीपत्रकातलं त्याच प्रसंगाचं छायाचित्र जोडलं, तिच्याभोवती लाल वर्तुळ करून. त्यावर आठ दिवसांनी कळलं की ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्याने तक्रार बंद केली आहे. माझं उत्तर त्यांच्याच पानावर वर दिसत होतं. तीन महिने गेले यात. मला पैसे परत नको होते, माफी नको होती. 'या प्रतीच्या कडा कापलेल्या आहेत' एवढी एक ओळ हवी होती, म्हणजे पुढच्या माणसाने माझ्यासारखं कुणाला तरी खोटं पाडलं नसतं. ती ओळ आजही तिथे नाही.

तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका, स्वतः तपासा. ऑडिओच्या यादीत मूळ भाषा कुठली ते बघा. चित्राची मूळ चौकट शोधा. सिनेमा रुंद असून टीव्हीवर पट्ट्या येत नसतील तर बहुधा कडा गेल्या आहेत. क्वचित टीव्हीच्याच सेटिंगमध्ये 'झूम' लागलेला असतो, आधी तो काढा, मग इतरांना दोष द्या.

लांबीही ताडून पाहा. आपल्याकडे प्रमाणित झालेल्या सिनेमाच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्रावर ती मिनिटांत दिलेली असते. फक्त एक सावधगिरी: थोडा फरक म्हणजे कापाकापी असं नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (म्हणजे स्थिर चित्रांनी) चालतो आणि जगात बऱ्याच ठिकाणी टीव्हीचं प्रक्षेपण २५ च्या हिशेबाने होत आलंय. त्या प्रती सुमारे चार टक्के वेगाने पळतात. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो, एकही दृश्य न कापता. पण आवाज दुरुस्त केला नसेल तर सगळ्यांचे आवाज थोडे चढतात. "नायकाचा आवाज पातळ आहे" असं जुन्या सिनेमाबद्दल वाचलं की मला आधी हे आठवतं.

फरक मोठा असला तर मात्र गंभीर प्रकरण. सर्जिओ लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' १९८४ मध्ये युरोपात २२९ मिनिटांचा लागला. अमेरिकेत तो १३९ मिनिटांवर आणला आणि मागेपुढे जाणारी कथा काळाच्या क्रमाने सरळ लावून टाकली. रॉबर्ट डी नीरोचा म्हातारपणातला चेहरा मूळ प्रतीत आठवणींचं ओझं घेऊन येतो. त्या आठवणी आधीच क्रमाने दाखवून झाल्या असतील तर त्याच चेहऱ्यात प्रेक्षकाने काय वाचायचं? काम तेच, नट तोच, आणि तरीही दोन प्रती पाहिलेल्या दोन माणसांचं त्याच्याबद्दल एकमत होणं कठीण.

याचं कारण फार जुनं आहे. साधारण १९२० च्या आसपास रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला, कधी सूपचं ताट, कधी शवपेटी. लोकांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. त्याचा शिष्य, दिग्दर्शक पुदोव्हकिनने लिहून ठेवलंय की प्रेक्षक मोझ्झुखिनच्या अभिनयावर खूश झाले होते. म्हणजे पडद्यावरचा अभिनय निम्मा संकलनाच्या टेबलावर घडतो. यावरून काही जण म्हणतात की मग नटाबद्दल बोलूच नये. मला ते मान्य नाही. दोन माणसं एकाच चौकटीत असतात, मध्ये कात्री लागत नाही, तिथे नटाला लपायला जागा नसते. तिथे पाहा. त्यातही बोलणाऱ्याकडे कमी आणि ऐकणाऱ्याकडे जास्त. समोरचा आपलं वाक्य संपवायची वाट पाहतोय की खरोखर ऐकतोय, हे भाषा न कळताही कळतं. त्या ताईंनी मला एका ओळीत हेच सांगितलं होतं.

तुम्ही वापरलेला 'लाकडी' हा शब्द मला खटकला नाही, पण तो एकटा उभा आहे. कुठल्या प्रसंगात, कुठल्या क्षणी? 'ओव्हरॲक्टिंग' आणि 'डोळ्यांतून बोलतो' या शब्दांचंही तेच. प्रसंग सांगितला की वाचणारा जाऊन बघू शकतो, तुम्हाला चूक ठरवू शकतो, किंवा त्याचं स्वतःचं मत बदलू शकतं. नुसत्या विशेषणावर फक्त भांडता येतं.

विषय निघालाच आहे म्हणून, नवीन टीव्हीत 'मोशन स्मूदिंग' किंवा तशाच नावाची सोय बहुधा आधीपासून सुरू असते. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. चेहऱ्यावरच्या बारीक हालचाली कृत्रिम वाटतात, चांगला नटही खोटा वाटायला लागतो. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून ती बंद करायला सांगितलं होतं. बंद करा. संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर ऑडिओत ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडून बघा. टीव्हीच्या दोनच स्पीकरांवर पुष्कळदा फरक पडतो.

तुमच्या लिखाणाचं म्हणाल, तर ते आहे तसंच ठेवा आणि खाली एक ओळ जोडा: कुठल्या भाषेतल्या, किती मिनिटांच्या प्रतीवरून लिहिलंय. मी त्या दिवसापासून प्रत्येक वेळी ती पहिल्याच ओळीत देतो. आणि तुमच्यावर तुटून पडलेल्यांत एक जण आहे, ज्याने रागावून का होईना, पण रेल्वे फलाटावरच्या प्रसंगातल्या त्या नटाच्या उसाशाबद्दल लिहिलंय. बाकीच्यांना उत्तर देऊ नका, त्याला द्या. त्याला विचारा त्याने कुठे पाहिला, कुठल्या आवाजात. मी ताईंना हे एक वाक्य विचारलं असतं तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. पुढे मी त्यांना माफीचं पत्र लिहिलं. "आता पाहिलीत ना तिला, बरं झालं," एवढंच उत्तर आलं. त्या परत लिहायला आल्या नाहीत.

आज जमलं तर मूळ आवाज लावून सुरुवातीची वीस मिनिटं आणि तो फलाटाचा प्रसंग पुन्हा बघा. तरीही तो लाकडीच वाटला तर तसं सविस्तर लिहा. मला वाचायला आवडेल.