शिकवताना कंबर भरून येते

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका. सातवा महिना सुरू आहे. दुपारपर्यंत कंबर भरून येते. सासूबाई तेल लावून शेकतात. दुखण्यावरची गोळी घेऊ का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मनाने गोळी मुळीच नको. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. पोट पुढे येतं तसा कमरेचा बाक वाढतो, सांधेही सैलावतात; म्हणून ही ठणक. फळ्यापाशी एक पाय आलटूनपालटून पाटावर टेकवा. आणि खुर्ची मागाच, संकोच कसला! रात्री कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. सासूबाईंचा हलका हात चालू द्या; शेक कोमटच, पोटावर नको. कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या, ताप आला, लघवीला जळजळ झाली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर लगेच दवाखाना गाठा.