मुलाला नर्सिंगला जायचंय आणि घरात सगळ्यांची तोंडं वाकडी

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला, मार्क चांगले, त्याला नर्सिंग करायचंय, त्याचे बाबा म्हणतायत हे पोरींचं काम, आत्या तर तोंडावर हसली, आणि तुमचा प्रश्न असा की त्याला समजावून फिजिओथेरपी नाहीतर लॅब टेक्निशियनकडे वळवू का, निदान चारचौघांत सांगायला तरी बरं वाटेल.

नका वळवू. दोन्ही कामं चांगलीच आहेत पण ज्याला ती करायचीयत त्याच्यासाठी. लॅबमध्ये सॅम्पल हातात येतं, पेशंट नाही, आणि तुमच्या पोराला पेशंटच हवाय असं मला तुमच्याच पत्रातून दिसतंय.

तुम्ही शेवटी सहज लिहून गेलायत की आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा हा रात्री अलार्म लावून दर दोन तासांनी उठायचा, त्यांची कूस बदलायचा, आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाठ, माकडहाड, टाचा बघायचा, कुठे लाल झालंय का म्हणून. अहो ताई, हेच तर नर्सिंग. माणूस एकाच बाजूवर पडून राहिला की हाडावरची कातडी दबते, तिथलं रक्त अडतं, आधी लाली येते, आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती लाली तशीच राहिली तर समजायचं की बेडसोअर सुरू होतोय. टाचा तर घरची माणसं हमखास विसरतात, याला त्या बघायचं सुचलं. तेव्हा सगळे म्हणत असतील किती गुणी पोरगा, आणि तेच काम तो शिकून, पगार घेऊन करणार म्हटल्यावर हसू येतंय, हे मला खरंच पटत नाही.

बाबांना असं वाटणं मी समजू शकते. जगातल्या नर्सेसपैकी जवळपास ९० टक्के बायका आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालातच आहे ते, म्हणजे ते जे बघत आलेत तेच बोलतायत. पण पुरुषांना हे जमत नाही म्हणून असं झालेलं नाही, बऱ्याच ठिकाणी त्यांना दारातच अडवलं गेलं. अमेरिकन सैन्याचा नर्स कोअर १९०१ साली सुरू झाला आणि त्यात पुरुष नर्सला अधिकारी म्हणून घ्यायला १९५५ उजाडलं! तिथलीच अजून एक केस बाबांना नक्की सांगा. जो होगन नावाचा माणूस आधीच नर्स म्हणून नोकरी करत होता, त्याला डिग्री करायची होती, पण त्याच्या गावातलं सरकारी विद्यापीठ फक्त मुलींसाठी म्हणून त्याला नर्सिंगला प्रवेश नाही. तो कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. निकाल लिहिला सँड्रा डे ओ'कॉनर यांनी, त्या कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. पुरुषांना बाहेर ठेवून नर्सिंग म्हणजे बायकांचंच काम हा समज तुम्हीच पक्का करताय, असं त्यांचं म्हणणं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की 'बायकांचं काम' हा शिक्का बसला की बायकांचंही नुकसानच होतं, कारण मग त्या कामाला पगारही कमीच पुरतो असं सगळे धरून चालतात.

आता त्याच्याशी बोलायच्या गोष्टी, कारण नुसतं कौतुक करून पाठवू नका. नाइट शिफ्ट असणार, सणावारी ड्युटी असणार, उलटी-शी-लघवी रोजचं, आणि पेशंट जातात. आजोबा आपले होते, परक्या माणसाचं हे सगळं करताना तेवढंच मन लागेल का, हे त्यानेच स्वतःला विचारायला हवं. शिवाय मुलगा आहे म्हणून वजनदार पेशंट उचलायला आणि आरडाओरडा करणाऱ्याला आवरायला दर वेळी त्यालाच हाक मारतील, पाठ सांभाळायची असेल तर एकट्याने न उचलता मदत मागायची सवय पहिल्या दिवसापासून लावायची. आणि नातेवाईक म्हणतील आयसीयू नाहीतर ऑपरेशन थिएटर घे, ते तरी पुरुषाला शोभतं. त्याला आवडलं तर घेऊ दे, शोभतं म्हणून नको, लहान मुलांच्या वॉर्डात त्याचं मन रमलं तर तिथे राहू दे.

एखादी बाई पेशंट म्हणेल मला पुरुष नर्स नको. हा त्याचा अपमान नाही, तिचा हक्क आहे, शांतपणे सहकारी सिस्टरला बोलवायचं. बाकी पडदा ओढणं, नाव सांगणं, काय करणार ते आधी सांगून, हो म्हटल्यावरच हात लावणं, आणि नाजूक तपासणीला सोबत बाई कर्मचारी ठेवणं. खरं तर पेशंट बाई असो की पुरुष, परवानगी सगळ्याच नर्सेसनी घ्यायची असते.

राहिल्या आत्या. त्यांना उत्तर पोराने द्यायचं नाही, तुम्ही द्यायचं, आणि त्याच्यासमोर. 'त्याने ठरवलंय आणि आम्हाला आवडलंय' एवढं पुरे, लांबण नको. त्याच्या माघारी तुम्हीही 'बघू, अजून नक्की नाही' असं म्हणत राहिलात तर ते त्याच्या कानावर जाणारच, आणि आत्याच्या हसण्यापेक्षा ते त्याला जास्त लागेल.

कॉलेज बघायला बाबांनाही घेऊन जा. तिथल्या सीनियर मुलांना गाठून विचारा की प्रसूती विभागाचं पोस्टिंग मुलांना नीट शिकवतात की नुसतं बाहेर उभं करतात, कारण तो अभ्यासाचाच भाग आहे आणि परीक्षेत तो मुलांनाही विचारतात. आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे ना हे फी भरायच्या आधी बघा, नंतर नाही.