डॉक्टरीणबाईंना विचारा : मामाजींना बाजेवरून उठवायचं कसं?

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. गेल्या पोळ्यानंतर आमच्या यांनी बैलजोडी विकली, आता सगळं ट्रॅक्टरनं होतं. तेव्हापासून मामाजी ओसरीतल्या बाजेवरच पडून असतात. वावरात चला म्हटलं तर "मी तिथं येऊन काय करू" म्हणतात. कधी यांनी आग्रह करून फटफटीवर नेलंच, तर धुऱ्यावर बसून परत येतात. डोकं जड वाटतं, कंबर दुखते, पहाटे तीनलाच जाग येते, ताटात अर्धी भाकर राहते. संध्याकाळी प्रार्थनेला जायचे, तेही सोडलं. तालुक्याला नेऊन रक्त तपासलं, एक्स-रे काढला, काही निघालं नाही. व्यायामानं उदासपणा कमी होतो असं वाचलं. पण जन्मभर डवरा-वखर हाकलेल्या माणसाला व्यायाम करा म्हणायचं कसं? गाव हसेल.
— एक सून, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मी तीन ठिकाणी पेन्सिलनं रेघ ओढली. पहाटे तीनची जाग, अर्धी भाकर आणि सुटलेली प्रार्थना. "मी उदास आहे" असं आपल्याकडचा म्हातारा माणूस कधी म्हणत नाही. तो कंबर दाखवतो, डोकं दाखवतो, "अन्न गोड लागत नाही" म्हणतो. एक्स-रे चांगला येतो आणि मग घरातलंच कोणीतरी म्हणतं, ढोंग करतात. असं दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं तर डॉक्टरनं नैराश्याचा विचार करायलाच हवा. तुमच्याकडे पोळ्यापासून चाललं आहे आणि आता हरभरा सोंगणीला आला.

व्यायामाकडे वळण्याआधी दोन कामं करा. रक्त तपासलं म्हणता, पण त्यात काय काय तपासलं ते कागदावर पाहा. बहुतेक वेळा हिमोग्लोबिन आणि साखर एवढंच असतं. थायरॉईड आणि बी-१२ राहिलं असेल तर करून घ्या. मामाजी माळकरी असतील, मांस-मच्छी खात नसतील, तर बी-१२ नक्कीच. थायरॉईड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो आणि त्याचा इलाज वेगळा आहे. बीपी मोजून घ्या. चालताना छातीत दुखतं का, दम लागतो का, चक्कर येते का, हेही विचारा. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग चालणं.

दुसरं काम अवघड आहे, पण टाळू नका. "मामाजी, जगूच नये असं कधी मनात येतं का?" असं कोणीतरी त्यांना सरळ विचारायला हवं. तुम्हाला संकोच वाटत असेल तर तुमच्या यांनी विचारावं. विचारल्यानं भलता विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर काहीही येवो, फवारणीच्या औषधाचे डबे आजच कुलपात टाका आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. कोठ्यात, न्हाणीच्या कोपऱ्यात, बाजेखाली कुठंही डबा राहू देऊ नका. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता व्यायाम. हे नुसतं मन रमवायचं साधन असेल असं मलाही पूर्वी कोणी सांगितलं असतं तर पटलं असतं, पण याची रीतसर परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशी गाठलेले, नैराश्याचं निदान झालेले १५६ जण घेतले. काहींना सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी दिली, काहींना आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास भरभर चालायला किंवा हळू धावायला लावलं, उरलेल्यांना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. गोळीवाल्यांना गुण लवकर दिसू लागला, हा फरक मात्र होता. मला त्यातली एक बाब मोलाची वाटते. ती माणसं एकेकटी चालत नव्हती. गटानं यायची, कोणीतरी देखरेखीला असायचं, आला नाही तर लक्षात यायचं. सुधारणेतला किती वाटा पायांचा आणि किती सोबतीचा, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. आपल्याला काढायचंही नाही. दोन्ही द्या.

"मन लागलं की जाईन" असं मामाजी म्हणतील. या आजारात मन लागायची वाट पाहत बसलं तर पुढचा पोळा येतो. मन नसतानाच निघायचं असतं. इच्छा मागून येते, कधी महिन्यानं येते. हे घरच्यांना ठाऊक असावं, नाहीतर आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात.

आणि गाव हसेल म्हणता, तर व्यायाम हा शब्दच काढू नका. यांना सांगा, फटफटी घरी ठेवायची. वावरात जायचं तर बापलेक दोघांनी पांदणीनं पायी जायचं. पहिल्या आठवड्यात पारापर्यंत जाऊन परत, एवढंच. दहा मिनिटं झाली तरी खूप. मग आठवड्याला थोडं थोडं वाढवा. वेग केवढा हवा? चालता चालता बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत वयस्कांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं असं चालणं सांगितलं आहे, शिवाय दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. तो आकडा भिंतीवर लिहून मामाजींना घाबरवू नका. तिथं पोहोचायला तीन-चार महिने लागले तरी चालतील.

ताकदीसाठी प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बाज नको, ती खोलगट असते. हात न टेकता उभं राहायचं, हळूच बसायचं. सुरुवातीला पाच वेळा. जमत नसेल तर हात टेकून. मग चौकट धरून टाचा उचलायच्या. तोलासाठी ओट्याला हात लावून एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून उभं राहायचं. नातू असेल तर त्यालाच मोजायला बसवा. नातवापुढं आजोबा हरत नाहीत.

पायात झिजलेली चप्पल नको. साधे कॅनव्हासचे, पट्टीनं बंद होणारे बूट घ्या. धोतरावर बूट पाहून पारावरचे दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी किंमत विचारतील. होळी झाली की ऊन आपल्याकडे कोणाचं ऐकत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत परत यायचं, नाहीतर दिवस बुडाल्यावर निघायचं, हातात काठी आणि टॉर्च घेऊन. पावसाळ्यात पांदण चिखलात गेली की देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारा.

एक मात्र माझं ठाम मत आहे, तुम्हाला टोचलं तर टोचू द्या. "बाबा, तुम्ही आता आराम करा" हे वाक्य प्रेमानं म्हणतात आणि त्यानंच माणूस खचतो. बैल होते तेव्हा पहाटेचा कडबा, पाणी, कोठ्याची झाडझूड, सगळं मामाजींकडे होतं. बैलांबरोबर ते सारं एका दिवसात गेलं. पुन्हा जोडी घ्या असं मी म्हणत नाही, लाखाच्या वर किंमत आहे. पण दूध डेअरीवर पोहोचवणं, एखादी शेळी सांभाळणं, कलमांना पाणी घालणं, असं रोज ज्यासाठी उठावंच लागेल ते एक काम पूर्णपणे त्यांच्या नावावर करा. चुकलं तरी मध्ये पडू नका. आणि प्रार्थनेला न्यायला त्यांच्या बरोबरीच्या कोणाला तरी रोज दारात येऊन हाक मारायला सांगा. सुनेला नाही म्हणता येतं, जुन्या गड्याला नाही म्हणता येत नाही.

एवढं करूनही महिनाभरात झोप आणि जेवण जागेवर आलं नाही, किंवा ते उठायलाच तयार नाहीत, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. चालणं चालू ठेवून गोळी घेता येते.

प्रश्न : वय ६६. मालक जाऊन दोन वर्षे झाली. कशातच जीव लागत नाही, गुडघे दुखतात. दिवसभर घरात उठबस असतेच, मग वेगळा व्यायाम कशाला? शिवाय बाईमाणसानं सकाळी रस्त्यानं नुसतं फिरणं आमच्या गावात बरं दिसत नाही.
— एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : मावशी, भांडी-झाडलोट हे काम आहे. ते संपत नाही आणि त्यात तुमच्या मनाचं काही नसतं. आपल्या खुशीनं केलेल्या हालचालीचा मनाशी जेवढा संबंध दिसतो, तेवढा राबण्याचा दिसत नाही, असंच बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. चार भिंतींतल्या उठबशीत कोणी भेटत नाही, ही दुसरी गोष्ट.

दिसण्याचं म्हणाल तर तिघी-चौघी मिळून हातात तांब्या घ्या आणि मारुतीच्या देवळात जा. गावाबाहेरचं देऊळ निवडा. कोणी विचारणार नाही. बचत गटातल्या बायकांना विचारून पाहा, दुखऱ्या गुडघ्याच्या आणखी दोघी तरी निघतील.

गुडघे दुखतात म्हणून बसून राहिलात तर मांडीचे स्नायू वाळतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाचपर्यंत मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखलं तर चालेल. सूज आली, गुडघा गरम लागला तर थांबा आणि दाखवा. मांडी घालून आणि उकिडवं बसणं कमी करा. भाजी खुर्चीवर बसून निवडली तरी शिजते.

प्रश्न : बाबांना (७४) महिन्याभरापूर्वी नैराश्याची गोळी सुरू झाली. आता ते रोज चालतात, हसतात. मी पुण्यात असतो. गोळी बंद केली तर चालेल का?
— एक वाचक, मूळ गाव वर्धा जिल्हा

उत्तर : नाही. गुण आला म्हणून गोळी थांबवली की आजार उलटतो, आणि एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, बेचैनी वेगळीच. बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. फोनवरून निर्णय घेऊ नका, पुढच्या तपासणीला स्वतः जा. या वयात अशा काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. बाबा अचानक बरळायला लागले, फार सुस्तावले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी सोडियम तपासून घ्यायला घरी सांगा.