आज किती रेप्स मिळाले?

"ताई, नवीन कोच आलेत आणि येताना आपला क्वार्टरबॅक सोबत घेऊन आलेत. आमच्या मुलाची दोन वर्षं फुकट गेली का? त्याने आत्ताच दुसरं कॉलेज बघावं का?"

२०२५ च्या मार्चमध्ये, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाच्या आईने मला हा निरोप पाठवला. मी समुपदेशक आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला वेगवेगळ्या खेळांच्या निमित्ताने येत असतो. पोहणं, टेनिस, सॉकर, काहीही असो, कोच बदलला की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. ही हकिकत मी मुलाच्या आणि आईवडिलांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत समोरचा बचाव वाचायचा, कोणाकडे फेकायचा ते ठरवायचं आणि फेकायचा. एका वेळी मैदानात क्वार्टरबॅक एकच. आपल्या विकेटकीपरसारखंच, पण दुसरा कीपर निदान फलंदाज म्हणून तरी संघात घुसू शकतो. इतर बऱ्याच जागांवर खेळाडू आलटूनपालटून आत-बाहेर करतात. दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक मात्र अख्खा हंगाम कडेला उभा राहू शकतो.

हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो, पण जागांची लढाई वसंतात लागते. मोठ्या कॉलेजांना एनसीएएच्या (कॉलेजांमधल्या खेळांचं नियमन करणारी संस्था) नियमाप्रमाणे वसंतात १५ सराव मिळतात, तेही ३४ दिवसांच्या आत उरकायचे. शेवटचा सराव म्हणजे बहुधा स्प्रिंग गेम, संघाचा आपापसातला सामना. सरावात क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाची जर्सी देतात, म्हणजे त्याच्या अंगावर कोणी धडकायचं नाही. आणि प्रत्येक सरावात ज्याचा जीव टांगणीला लागतो ती गोष्ट म्हणजे रेप्स: पहिल्या फळीच्या खेळाडूंबरोबर आपल्याला किती चाली खेळायला मिळाल्या.

आमचा हा मुलगा २०२२ मध्ये कॉलेजला गेला. पहिलं वर्ष राखून ठेवलं, म्हणजे संघात राहिला पण ते वर्ष त्याच्या खेळण्याच्या चार हंगामांत धरलं गेलं नाही. पुढची दोन वर्षं एका सीनियरच्या मागे दुसरा. तो सीनियर बाहेर पडला, आता पाळी याची, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. भारतीय आडनावाचा क्वार्टरबॅक अमेरिकेत दुर्मिळ, त्यामुळे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचा सत्कार आधीच होऊन गेलेला. (सांगलीच्या आत्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तिचा डीपी त्याच्या हेल्मेटचा होता.) डिसेंबरमध्ये जुन्या कोचना काढलं. नवा गडी, नवं राज्य. नव्या कोचनी सगळ्यांना समान संधी मिळेल असं सांगितलं म्हणून हा थांबला. जानेवारीत ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणारे खेळाडू जिथे नाव नोंदवतात ती यादी) त्यांच्या आधीच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक आला. पहिल्या वर्षाचा एक मुलगा आधीच होता. म्हणजे एका म्यानात तीन तलवारी.

आईला मी पहिल्याच फोनवर एक गोष्ट सांगितली आणि ती तिला आवडली नाही. मुलगा सज्ञान आहे. त्याला स्वतःला यायचं असेल तर येईल, आणि तो काय बोलला हे मी तुम्हाला सांगणार नाही. "पण पैसे आम्ही देणार ना?" ती म्हणाली. होय, आणि तरीही नाही. हे आपल्याकडच्या पालकांना फार टोचतं, पण ही भिंत नसेल तर मुलगा माझ्यासमोरही तेच बोलेल जे तो घरी फोनवर बोलतो: "ऑल गुड, आई."

तो आला. सहा फुटांच्या वर, आणि खुर्चीत शाळेत बाहेर उभं केलेल्या पोरासारखा बसलेला. झोप लागत नाही, पहाटे चारला जाग येते, एवढंच आधी बोलला. नंतर बॅगेतून एक वही काढली. प्रत्येक सरावाचं एक पान, पानावर तीन रकाने, तीन जर्सीनंबर. प्रत्येक रकान्यात उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी, दुधाचा हिशेब ठेवतात तशा. कोणाला किती रेप्स, किती पास पूर्ण झाले, किती पडले. पोर्टलमधून आलेल्या मुलाचा रकाना सगळ्यात नेटका होता. मी विचारलं, यातली तुझी कुठलीही एक चाल सांग. काय दिसलं, काय ठरवलंस? तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. दुसऱ्याचे पास त्याला क्रमाने पाठ होते. स्वतःचं आठवत होतं ते एक इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेला चेंडू.

मला वही बघताना जे दिसलं ते असं: हा सराव करत नव्हता, सरावाचा निकाल लावत होता. रोज. आणि निकाल लावणारा मुलगा मैदानात काय करतो तर चूक टाळतो. लांबचा, धोक्याचा पण योग्य पास सोडून जवळच्या माणसाला चेंडू देतो. आकडा शाबूत राहतो, पण कोचला त्यातून काहीच कळत नाही.

इथे मी त्याला टॉम ब्रेडी या गाजलेल्या क्वार्टरबॅकची गोष्ट सांगितली. नाव अर्थात त्याला माहीत होतं, ही बाजू नव्हती. मिशिगन विद्यापीठात ब्रेडी सुरुवातीला यादीत बराच खाली होता आणि सरावात रेप्स मिळत नाहीत म्हणून कुरकुरत असे. तिथले समुपदेशक ग्रेग हार्डन यांनी त्याला सांगितलं की दोनच मिळतात ना, मग त्या दोन जितक्या चांगल्या करता येतील तितक्या कर. ब्रेडीने हे स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुढे शेवटच्या वर्षीसुद्धा त्याला ड्रू हेन्सन या धाकट्या मुलाबरोबर खेळ वाटून घ्यावा लागला आणि २००० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, त्याचं नाव १९९ वं आलं. हार्डनही समुपदेशकच होते म्हणून ही गोष्ट मला जवळची, हे कबूल. पण मी ती सांगते ती ब्रेडी पुढे मोठा झाला म्हणून नाही. दोन रेप्स हातात असताना त्या दोघींचंच काय करायचं, एवढ्यापुरती ती उपयोगाची आहे.

मग वहीचे नियम बदलले. इतरांचे रकाने बंद. सरावानंतर स्वतःच्या तीनच चाली लिहायच्या: बचाव कसा उभा होता, मी काय ठरवलं, का ठरवलं. पास पकडला गेला की पडला हे लिहायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्याने तरी कोपऱ्यात बारीक रेघा मारल्याच. मी काही बोलले नाही.

दुसरी गोष्ट कोचशी बोलण्याची. आपल्या मुलांना हे फार जड जातं, कारण घरी शिकवलेलं असतं की मोठ्यांना उलट विचारायचं नाही, मुकाट कष्ट करायचे, फळ मिळतंच. अमेरिकन कोचला मात्र गप्प बसलेला क्वार्टरबॅक गोंधळलेला वाटतो. आम्ही माझ्या खोलीत तालीम केली, मी कोच झाले. त्याचा पहिला प्रश्न होता, "मी पहिला आहे का?" या प्रश्नाला एप्रिलमध्ये कुठलाही कोच सरळ उत्तर देत नाही. चार-पाच वेळा घोळवल्यावर प्रश्न असा झाला: "मी कशात मागे आहे, आणि ते तुम्ही कशावरून ठरवता?"

क्वार्टरबॅकच्या कोचनी पंधरा मिनिटं दिली आणि व्हिडिओच लावला. चाली याला ओळखीच्या होत्या, पण नव्या प्लेबुकात, म्हणजे संघाच्या चालींच्या पुस्तकात, त्यांची नावं वेगळी. नाव ऐकून जुन्या नावाशी जुळवेपर्यंत अर्धा सेकंद जात होता. पोर्टलमधून आलेला मुलगा हीच भाषा दोन वर्षं बोलत आलेला. कोचनी तेही स्पष्ट सांगितलं. त्या रात्री हा नीट झोपला. मला यात नवल वाटलं नाही. वाईट उत्तर माणूस पचवतो, पहाटे चारला उठवतो तो अंदाज.

आईवडिलांना एकत्र बोलावलं ते मुलाच्या सांगण्यावरून, आणि तो स्वतः हजर असताना. घरात दोन पक्ष पडले होते. दोन्हीकडे एकेका नामवंत क्वार्टरबॅकचं उदाहरण. बाबांचा पक्ष ‘जो बरो’ याचा. २०१८ च्या वसंतात ओहायो स्टेट विद्यापीठात बरो अशाच स्पर्धेत होता, हातात काही लागेना, मे महिन्यात तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) गेला. २०१९ मध्ये संघ एकही सामना हरला नाही आणि त्याला हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला. आईचा पक्ष जेलन हर्ट्‌सचा. जानेवारी २०१८ मध्ये जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामा विद्यापीठाने त्याला मध्यंतरानंतर बसवलं, टुआ टॅगोवायलोआ आला आणि सामना जिंकून दिला. हर्ट्‌स तरीही राहिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टुआ जखमी झाल्यावर त्याच जॉर्जियाविरुद्ध बाकावरून उठून त्याने सामना फिरवला. बाबा म्हणत निघ, आई म्हणे थांब, आणि दोघेही टीव्हीवर बघितलेलं उदाहरण पोराच्या तोंडावर फेकत होते.

मी एवढंच दाखवलं की दोन्ही गोष्टींचा शेवट आपल्याला माहीत आहे म्हणून त्या सांगितल्या जातात. आणि एक तपशील दोघांनीही गाळला होता. हर्ट्‌सही शेवटी ओक्लाहोमाला गेलाच. बरो काय, हर्ट्‌स काय, निघताना दोघांच्याही हातात पदवी होती. तेव्हाच्या नियमांत पदवीशिवाय गेलेल्याला सहसा एक वर्ष बसावं लागे. आता ती अट नाही, म्हणून पोर्टलमध्ये नाव टाकणं सोपं झालंय. तिकडे जागा मिळणं सोपं झालेलं नाही.

बाबांची घाई अगदीच निराधार नव्हती. त्या वर्षी पोर्टलची वसंतातली मुदत १६ ते २५ एप्रिल होती, म्हणजे ऐन स्प्रिंग गेमच्या तोंडावर. शिवाय संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवायचे, अशी मर्यादा येणार म्हणून सगळीकडे धाकधूक होती. (पुढे एनसीएएने एप्रिलची मुदत काढूनच टाकली आणि २०२६ साठी २ ते १६ जानेवारी एवढीच ठेवली. म्हणजे आता हा निर्णय वसंताची स्पर्धा सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो. माझ्या मते हे मुलांसाठी बरं आहे, पालकांसाठी नाही.)

मग मुलाने बाबांना जे सांगितलं ते मी शिकवलेलं नव्हतं. "बाबा, तुम्ही रोज फोनवर पहिलं विचारता, आज किती रेप्स मिळाले. मला सराव संपला की आधी तुमचा फोन दिसतो." बाबा गप्प झाले. हा माणूस दहावीच्या निकालाला वर्तमानपत्रात बैठक क्रमांक शोधत वाढलेला, मार्क विचारणं ही त्याची माया करायची रीत. त्यांनी विचारलं, "मग काय विचारू?" मुलगा म्हणाला, "जेवलास का, ते आई विचारते. तुम्ही काही विचारू नका, तुमच्या ऑफिसचं सांगा." ठरलं की रेप्सचा विषय मुलाने काढला तरच. बाबांनी तो करार पाळला, आईने दोनदा मोडला.

स्प्रिंग गेममध्ये तिघंही खेळले. याने एक टचडाउन, म्हणजे गुण मिळवून देणारा पास, फेकला, एक इंटरसेप्शनही. कोचनी काही जाहीर केलं नाही, ऑगस्टमध्ये बघू म्हणाले. घरी संताप झाला, पण हे नेहमीचंच. नाव जाहीर केलं की हरलेला मुलगा पोर्टलकडे वळतो, आणि कोचला ऑगस्टपर्यंत तिघंही हवे असतात. हे मी मुलालाही सांगितलं, कारण कोचचा स्वार्थ कळला की तो राग स्वतःवर निघत नाही. २५ एप्रिलपर्यंत त्याने नाव टाकलं नाही. त्याचं कारण साधं होतं: एवढ्या उशिरा निघालो तर क्रेडिट्स अडकतील आणि डिसेंबरची पदवी हुकेल.

ऑगस्टमध्ये पोर्टलमधून आलेल्या मुलाचं नाव जाहीर झालं. हा पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर. त्या आठवड्यात तो खूप रडला आणि मी त्याला "यातही काही चांगलं असेल" असलं काही म्हटलं नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला होता, त्याचं दुःख खरं होतं. हंगामात सामने एकतर्फी झाले तेव्हा शेवटच्या काही मिनिटांत तो खेळला. डिसेंबरमध्ये पदवी घेतली आणि जानेवारीत पोर्टलमध्ये नाव टाकलं. खेळण्याचं एक वर्ष शिल्लक होतं. दुसऱ्या राज्यातल्या एका लहान कॉलेजने घेतलं, मास्टर्ससकट. बाबा म्हणाले, निदान मास्टर्स तरी होईल. तिथेही या वसंतात क्वार्टरबॅक तीन.

आईचा फेब्रुवारीत पुन्हा फोन: ताई, आता तिकडेही तुमचीच सेशन्स चालू ठेवाल ना? माझा परवाना त्या राज्यात चालत नाही. नव्या कॉलेजच्या क्रीडा मानसशास्त्रज्ञांची माहिती मी मुलाला पाठवली आणि आईला म्हटलं, फोन त्यालाच करू द्या. त्याने तो तीन आठवड्यांनी केला.