गोळी काढायची घाई करू नकोस

प्रिय डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. परीक्षा झाली की थेट युद्धभागात जायचंय आणि मी ‘जा’ म्हणावं, असा एकूण सूर. जा म्हणतो, पण लगेच नको. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला तुझा हात छान बसलाय. तिथे मात्र दुर्बीण नसते, सीटी स्कॅनही बहुतेक नसतो. पोट उघडायचं, चाचपायचं आणि ठरवायचं. शिवाय लढाई चालू आहे म्हणून बाळंतपणं थांबत नाहीत. अडलेली बाई, अडकलेला हर्निया, टायफॉइडने फुटलेलं आतडं, भाजलेली पोरं, सगळं तुझ्याच टेबलावर येणार. तेव्हा वर्षभर ससूनच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या मागून घे. गायनॅकच्या मॅडमना गळ घालून सिझेरियन पक्कं कर. ऑर्थोवाल्यांच्या मागे लागून मोडलेल्या हाडाला बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाड जागेवर धरणाऱ्या सळ्यांची चौकट, लावायला शीक. सोलापूर रोडवरचे अपघात येतात तेव्हा मोबाइल ठेवून टेबलाशी उभी राहा.

आता जखमेबद्दल, कारण इथेच आपली शहरी सवय नडते. सिनेमात डॉक्टर गोळी काढतो, ती ट्रेमध्ये टणकन पडते आणि हिरो वाचतो. प्रत्यक्षात गोळी सांध्यात नसेल, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून नसेल, तर बहुतेक वेळा आत राहिली तरी चालते. घात करतं ते तिच्या वाटेतलं मेलेलं मांस. वेगवान गोळी शरीरातून जाताना क्षणभर मोठी पोकळी करते आणि कपड्याच्या चिंध्या, माती आत ओढून घेते. म्हणून बाहेरचं भोक बोटाएवढं दिसलं तरी जखम लांब उघडायची. स्नायूचा रंग बघायचा. चिमट्यात धरल्यावर तो आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का, बोटाला घट्ट लागतो की गिळगिळीत, हे पाहायचं. मेलेलं ते सगळं काढायचं, भरपूर सलाइनने धुवायचं आणि टाका न घालता जखम उघडीच ठेवायची. वर सैल, जाडसर गॉज. चार-पाच दिवसांनी परत थिएटरमध्ये घेऊन, स्वच्छ असेल तरच बंद करायची. रोगी बरा असेल, ताप नसेल, वास येत नसेल, तर मधे वॉर्डात ड्रेसिंग सोडून डोकवायचं नाही. पहिल्याच दिवशी सुबक टाके घालायला हात शिवशिवतील. नातेवाईकही विचारतील, जखम उघडी का टाकली म्हणून. ऐकायचं नाही. आत कोंडलेल्या घाणीने गॅस गँगरीन झालं, म्हणजे जंतूंनी स्नायू झपाट्याने सडू लागले, की पायच काढावा लागतो.

एकदम पंधरा-वीस जखमी आले की जास्त अवघड परीक्षा असते. इथे आपण सगळ्यात गंभीर पेशंट आधी आत घेतो. तिथे ज्याच्यावर चार तास आणि रक्ताच्या सगळ्या पिशव्या घालवूनही तो जगण्याची आशा नाही, त्याला वेदनाशामक देऊन बाजूला ठेवावं लागतं आणि तेवढ्या वेळात तिघे वाचवावे लागतात. हे पुस्तकात वाचलंयस तू. त्याची आई शेजारी उभी असताना करायचं असतं.

जिवाच्या धोक्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानात कुंदूझला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या युद्धभागात उपचार करणाऱ्या संस्थेच्या हॉस्पिटलवर अमेरिकी विमानाने हल्ला केला. हॉस्पिटल नेमकं कुठे आहे ते लढणाऱ्यांना आधीच कळवलेलं होतं. तरी ४२ माणसं गेली. त्यात रुग्ण होते, नातेवाईक होते आणि १४ जण हॉस्पिटलचे कर्मचारी. युद्धात हॉस्पिटलांना संरक्षण देणारे जिनिव्हा करार आहेत, त्यांचा आदर आहे, पण छपरावरच्या खुणेने बॉम्ब थांबतोच असं नाही. हे घरी न लपवता सांगायचं.

अजून एक. निरोप समारंभात कुणीतरी तुला डॉ. कोटणीसांच्या पंक्तीत बसवणारच. सत्काराची हौस आपल्याकडे दांडगी. सोलापूरचा हा माणूस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारला. भाषणात हौतात्म्यच येतं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं: तो चिनी भाषा शिकला आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. तू काही आठवड्यांनी परतीच्या विमानात बसशील. तिथली नर्स, तिथला भूल देणारा टेक्निशियन तिथेच राहणार, त्याच बॉम्बखाली. त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त जखमा पाहिलेल्या असतात. कमी उपकरणांत नुसत्या केटामिन या भुलीच्या औषधावर ऑपरेशन कसं निभवायचं, हे तेच तुला शिकवतील. पहिल्या आठवड्यात हुकूम सोडू नकोस.

आणि फोटो नकोत. पाय गेलेल्या पोराशेजारी आपण हसतोय, असला तर मुळीच नको.

आधी थीसिस पुरा कर. गाईड म्हणून तेवढं बोलायचा हक्क आहे मला. संस्थांचे अर्ज आपण बसून भरू, कुठल्या रविवारी सकाळी ये. शिफारसपत्र देईन. तुझ्या आईबाबांना समजवायला मात्र मला पुढे करू नकोस, ते तुझं तूच बोल.

तुझा,
सर