वडील मृत्युपत्र न करता वारले. लग्न झालेल्या मुलीला हिस्सा मिळतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील मृत्युपत्र न करता गेले. मागं आजी, आई, भाऊ आणि तुम्ही. मंगळवार पेठेतलं घर वडिलांच्या स्वकमाईचं, कागलकडं थोडी उसाची जमीन, बँकेतल्या ठेवीला भाऊ नॉमिनी. आणि भाऊ म्हणतोय, "लग्नात तुझं सगळं केलंय, आता हक्कसोडपत्रावर सही कर."

सही करू नका, निदान आत्ता तरी. मी इथंच वकिली करतो. आमच्याकडं येणाऱ्या बहिणी बहुतेक सही करून मगच येतात. भावाला द्यायचंच असेल तर नंतरही देता येतं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र रद्द करायला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते आणि तिथंही खात्री नाही.

घराचं सरळ आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा, मुलगी, बायको आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे रुपयात चार आणे तुमचे. लग्न कधी झालं, खर्च किती झाला, याचा त्याच्याशी संबंध नाही. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नाही असं कुणी म्हणालं, तर ते कलम 2005 सालीच गेलं.

आजीला मात्र सगळेच विसरतात. मुलगा गेला की आई वारस होते. उद्या आजीही मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या चार आण्यांत काका-आत्या असतील तर ते येणार आणि वडिलांच्या जागी तुम्ही दोघं भावंडं. आईला त्यात काही नाही. मग घराच्या प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालकांच्या नावांच्या सरकारी उताऱ्यावर, नावांची रांग लागते. आजीच्या मनात काय आहे ते आत्ताच विचारा.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशोब बदलतो. तिथं मुलगीही मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार, हे सुप्रीम कोर्टानं 2020 साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. पण जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी, काढून जमीन कुणाकडून कशी आली ते बघितल्याशिवाय वाट्याचा आकडा मी सांगणार नाही.

खरी मेख वारस नोंदीच्या अर्जात असते. सोबत सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लागतं आणि बहिणीचं नाव गळतं ते तिथंच. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस मिळतात. तलाठ्याकडं लेखी हरकत द्या, पोहोच घ्या. घरासाठी नगर भूमापन कार्यालयात जा. मुदत हुकली तरी हक्क बुडत नाही, कारण सातबाऱ्यानं मालकी ठरत नाही. पण मग प्रांताधिकाऱ्याकडं अपील नाहीतर दिवाणी दावा, आणि त्यात वर्षं जातात.

ठेवीचे पैसे बँक भावाच्या हातात देईल, ते नियमाला धरूनच आहे. नॉमिनी पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. त्यातलेही चार आणे तुमचेच.

भावाशी बिघडवायचं नसेल तर आधी सगळ्यांची नावं लागू देत, मग शेत कुणाला, घर कुणाला ते बसून ठरवा आणि वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. पाचशेच्या बाँडवर नोटरी करून घेतलेलं हक्कसोड कायद्यानं टिकत नाही, पण तसल्या कागदावरची सही पुढं तुमच्याच विरुद्ध दाखवली जाते. भाऊ असा कागद घेऊन आला, तर त्याची झेरॉक्स ठेवून घ्या.