कडकनाथ की संकर?

प्रश्न : कडकनाथ (काळ्या कातडीची कोंबडीची जात) म्हणून दहा पिल्लं घेतली. आता पाच महिन्यांची आहेत. सगळी काळी, पण दोन नरांचे तुरे लालभडक आणि पाय राखाडी आहेत. माद्या मात्र अस्सल वाटतात. अंडी फिकट तपकिरी, काळी नाहीत. फसवणूक झाली का?

उत्तर : अंड्यांवरून काहीच ठरवू नका. कडकनाथची अंडी फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचीच असतात. काळी अंडी ही निव्वळ बाजारगप्प. पिसांवरही जाऊ नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या मूळ जातीत सोनेरी आणि रेघांची पिसंही चालतात. काळेपणा कातडीत शोधायचा.

दिवसाउजेडी चोच उघडून जीभ बघा, छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करा, मग तळपाय. सगळीकडे काळा किंवा गडद करडा रंग हवा. तुरा काळपट-जांभळा, नरात थोडी लाली चालते, लालभडक नाही. पूर्ण वाढीचा नर दीड ते दोन किलो भरतो. पाचव्या महिन्यातच तीन किलो भरला, तर गिरिराजसारख्या वजनदार सुधारित जातीचं रक्त मिसळलं असावं.

माद्या अस्सल दिसतात, तीच खरी मेख. कातडीतला काळा रंग दाबणारा गुण लिंगाशी जोडलेला असतो. कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची गावठी मादी यांच्या पिल्लांत तो आईकडून फक्त मुलग्यांना मिळतो. म्हणून नर उजळतात, माद्या काळ्याच राहतात. तुमचा कळप बहुधा असाच आहे. अंडी, मांस यांत अडचण नाही. पैदाशीसाठी मात्र यातली मादीही ठेवू नका.